जपून ठेवलेला दाखला

जुलै लागला की आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डब्यांबरोबर फायलीही उघडतात. एरवी त्या टेबलावर लोणच्याची देवाणघेवाण आणि सुपरवायझरची नक्कल यापलीकडे काही होत नाही. पण या दिवसांत कुणाच्या मुलाची दहावी झालेली असते, कुणाच्या मुलीची बारावी, आणि सातपूरच्या कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान सुट्टीच्या अर्ध्या तासात गाठायचं असतं. हाताला कटिंग ऑइलचा वास असतो, म्हणून बायका कागद मनगटांत धरून माझ्यापुढे सरकवतात. मी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर बारीक आकडे वाचते, तेव्हा बारीक अक्षरही मीच वाचावं असा इथला हिशेब आहे.

परवा मंदानं असाच एक कागद सरकवला. मंदा पॅकिंगला आहे, हरसूलकडची. इथे भाड्याच्या खोलीत राहते आणि सुट्टी मिळाली की गावी जाते. तिच्या मुलीची यंदा बारावी झाली. मुलीला नर्सिंगला जायचंय, आणि नाशिकला घ्यायचं की पुण्याला, यावर घरात दोन तट आहेत. कागद म्हणजे मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मूळ प्रत, निळा गोल शिक्का, खाली मुख्याध्यापकांची वळणदार सही.

"ताई, याला प्लास्टिक मारून घेऊ का?" तिनं विचारलं. "पाण्यापावसाचं इकडून तिकडं न्यायचं. लय नाजूक हाय कागद."

साधा प्रश्न होता आणि उत्तर मला माहीत होतं. नाशिकमध्ये या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं पक्कं क्वचितच कुणाला माहीत असेल. तरी मी कागद उलटा केला, पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला. तेवढ्यात भोंगा झाला. "उद्या सांगते," म्हणून मी उठले. उरलेली पाळी हातातली रिंग मापाच्या गेजवर चढवत आणि काढत गेली, पण एकदा तपासलेला ट्रे मी पुन्हा तपासत होते हे शेजारच्या मुलीनं दाखवून दिलं तेव्हा कळलं.

*

आमच्याकडे महत्त्वाची वस्तू म्हणजे लॅमिनेट केलेली वस्तू. ज्या घरांत पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि कपाटात कागदाला बुरशी धरते, त्या घरांत ही रीत पडणारच. रेशनकार्ड, गुणपत्रिका, जन्मदाखले, गॅसचं पुस्तक, सगळं आमच्या कपाटात ताठ उभं आहे. माझ्या सासऱ्यांनी साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा लॅमिनेट करून घेतली होती. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गोळी बदलली आणि त्या प्लास्टिकवर पेन चालेना. सासरे म्हणाले, मग जुनीच गोळी चालू ठेवा. आम्ही महिनाभर हसलो. त्यात काही शिकण्यासारखं आहे, असं कुणाच्या मनात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझी मुलगी तन्वी बारावी झाली होती. तिला आर्किटेक्चर करायचं होतं. हे ती नववीपासून म्हणत होती, त्यामुळे आम्हाला धक्का वगैरे बसला नव्हता. प्रश्न कुठे करायचं एवढाच होता. तिच्या खोलीच्या भिंतीवर अहमदाबादच्या एका कॉलेजचा फोटो होता. विटांच्या उघड्या भिंती, मोठी झाडं, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांवर मांडीत कागद घेऊन बसलेली मुलं. त्या मुलांचे चेहरे मला पाठ झाले होते. रोज केर काढताना मी त्यांच्याकडे बघायची आणि ती कुणाकडेच बघायची नाहीत.

इथलं कॉलेज घरापासून दोन बसच्या अंतरावर. राज्यातल्या राज्यात घेतलं तर मुलींच्या फीचा मोठा भाग सरकार उचलतं, जेवण घरचं, झोप घरची. तिकडे यातलं काहीच नाही. घरावर कर्ज काढावं लागलं असतं. ते निघालं असतं, तन्वीच्या बाबांनी चौकशीही करून ठेवली होती. त्यांची नोकरी देवळाली कॅम्पात, लष्कराच्या एका डेपोत. रोज शिस्तीत वावरणारा हा माणूस घरी आला की फारच लवकर स्वप्नात शिरतो. मी नाही म्हटलं नव्हतं. "नाव लागलं तर बघू," एवढंच म्हटलं होतं. नाव लागणार नाही, अशी माझी समजूत होती. माझ्या कामात पार्ट गेजमधून जातो किंवा जात नाही. मधलं काही नसतं. तो महिनाभर मात्र सगळं मधलंच होतं. पहिली यादी लागली, तिच्यात नाव नाही. प्रतीक्षा यादीत आहे, पण खाली. इथल्या कॉलेजात मिळालं आहे, पण पक्कं करायचं आहे. दिवसातून चार वेळा मोबाइल उघडायचा, पान फिरत राहायचं, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध वर यायचं.

त्या जुलैचा वास मला अजून येतो. न वाळलेल्या युनिफॉर्मचा, ओल्या रेनकोटच्या आतल्या घामाचा, आणि मशीनमधून नुकत्याच निघालेल्या झेरॉक्सचा. झेरॉक्स गरम असते हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं. थंड पडलेल्या बोटांना बरं वाटायचं, म्हणून मी एकेका कागदाच्या गरजेपेक्षा जास्त प्रती काढल्या. अजून त्या पुरून उरल्या आहेत. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मी किराणाची यादी लिहिते.

*

सोमवारी संध्याकाळी अहमदाबादहून मेल आला. वरची काही नावं गळाली होती आणि तन्वीचं लागलं होतं. मूळ कागदपत्रं घेऊन शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं. इथल्या कॉलेजची मुदत शनिवारपर्यंत. दोघांनाही हवा होता तो दाखला, मूळ, आणि मूळ दाखला एकच असतो. बाकी सगळ्याच्या प्रती निघतात. एखादं मूल दोन ठिकाणी असू शकत नाही, एवढीच गोष्ट सिद्ध करण्यासाठी तो कागद जन्माला आलेला असावा.

तन्वी खोलीतून बाहेर आली आणि जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली. ओरडली नाही, नाचली नाही. तिनं नुसतं विचारलं, "आई, जायचं ना?"

तिचे बाबा म्हणाले, "म्हणजे काय, जायचंच."

मी म्हटलं, "बघून तर या." हे मला आता नीट आठवतं. दोघं हो म्हणत असताना मी बघून या म्हणाले होते, जणू आपण साडी बघायला निघालो आहोत.

मंगळवारी संध्याकाळच्या बसची तिकिटं निघाली. त्या दिवशी पाऊस तिरका होता. नाशिकचा पाऊस तसा फार धिंगाणा करत नाही, पण लागला की दिवसचे दिवस कंटाळवाण्या पाहुण्यासारखा बसून राहतो. बस गळणार, सामान भिजणार, तन्वीचे बाबा फाइल मांडीवर घेऊन झोपी जाणार, हे सगळं मला दिसत होतं. म्हणून कंपनीतून सुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दाखला लॅमिनेट करून घेतला.

यात माझं दुसरं काही नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे आणि दर वेळी उत्तर तेच आलं आहे. दुकानदारानं कागद प्लास्टिकच्या दोन पदरांत सरळ ठेवला, रोलरमध्ये सारला, आणि पलीकडून तो हळूहळू चमकत बाहेर आला. हातात घेतला तेव्हा तव्यावरून उतरलेल्या पापडासारखा गरम आणि ताठ होता. मला फार समाधान वाटलं. आता याला काही होत नाही, असं मी त्या दुकानदाराला म्हणालेसुद्धा.

पार्टच्या ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातल्या टिपा आधी वाचायच्या, हे मी कंपनीत नव्या मुलींना शिकवते. अहमदाबादच्या सूचनांच्या शेवटच्या पानावर तशीच एक टीप होती. मूळ कागदपत्रं लॅमिनेट केलेली नसावीत. दाखल्याच्या पाठीवर त्यांना शिक्का मारायचा असतो, आणि प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही. ती टीप मी वाचली नव्हती.

*

बुधवारी दुपारी तन्वीच्या बाबांचा फोन आला. तिथल्या बाई भल्या होत्या म्हणे, पण नियमापुढे त्यांचं चालत नव्हतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नवीन दाखला आणा, जागा तोवर आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. मागे पावसाचा नव्हे, मोरांचा आवाज येत होता. त्या कॉलेजात मोर होते. हे मला फोटोत दिसलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दोघं परत आले. त्याच संध्याकाळच्या बसनं पुन्हा निघायचं होतं. मधे एक दिवस. मी रजा टाकली, पण कंपनीसाठी भरलेला डबा बाहेर पडताना बरोबर घेतला.

शेजाऱ्यांनी इस्त्रीचा उपाय सांगितला. कापड ठेवून मंद इस्त्री फिरवली की प्लास्टिक सुटतं. तन्वी जमिनीवर बसून इस्त्री फिरवत होती आणि तिचे बाबा नखानं कोपरा उचलत होते. कोपरा सुटला. कागदाचा वरचा पापुद्रा घेऊन सुटला. निळ्या शिक्क्याचा एक तुकडा प्लास्टिकला चिकटून राहिला, उरलेला कागदावर. मी म्हटलं, हात लावू नका, मी शाळेत जाऊन दुसरा आणते. बारावीही तिची शाळेच्याच इमारतीत झाली होती, त्यामुळे दाखला तिथूनच मिळणार होता.

शाळेच्या कार्यालयात ओळखीचे क्लार्क होते. त्यांनी दाखला हातात घेऊन उजेडात धरला.

"डुप्लिकेट हरवल्यावर मिळतो, ताई. तुमचा हरवलाय का?"

"नाही. हा काय तुमच्या हातात."

"मग कसा देणार? रजिस्टरला कारण लिहावं लागतं. हरवला, जळाला, भिजला. जपला असं कारण नाही त्यात."

त्यांना विनोद करायचा नव्हता. खरंच तसा रकाना नव्हता. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दाखला माझ्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणला. हा पर्समध्ये ठेवा, मी काही पाहिलेलं नाही. हरवला म्हणून प्रतिज्ञापत्र करून आणा, चारच्या आत या, मी लिहून तयार ठेवतो. मुलीचं कल्याण होऊ दे. इतक्या सरळपणे कुणी मला कधी मदत देऊ केली नव्हती.

मी बस पकडून कोर्टाशी गेले. तिथे टाइपरायटर आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी, ताडपत्रीखाली. एका टायपिस्टनं मजकूर न विचारताच टाइप केला, इतका तो त्याच्या बोटांत बसलेला. सदर दाखला प्रवासात गहाळ झाला असून शोध घेऊनही मिळून आलेला नाही. माझं नाव, वय, राहणार सातपूर, धंदा नोकरी. ताडपत्रीवरून एक थेंब स्टँप पेपरच्या कडेला पडला, तो त्यानं बाहीनं टिपला.

"इथं सही करा, मॅडम. साहेब आतच आहेत, लगेच शिक्का देतील."

पेन माझ्या हातात होतं. पर्समध्ये, हातभर अंतरावर, तो न हरवलेला दाखला होता. मी म्हटलं, पाच मिनिटांत येते. त्याचे पैसे दिले, कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला आणि चालायला लागले.

नदीवर गेले. आमच्याकडे पाणी वाढलं की लोक कामधंदा सोडून बघायला जातात, त्यामुळे तिथे एकटी बाई उभी असली तरी कुणी विचारत नाही. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, यावर गोदावरीचा पूर मोजायची आमची पद्धत. सकाळी गुडघ्याला होतं, आता मांडीच्या वर आलं, असं एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक नव्या माणसाला सांगत होते. मलाही सांगितलं. पाणी गढूळ, चहासारखं, आणि त्यात फुलांची टोपली, थर्माकोल, एक आख्खी फांदी. मी मारुतीकडे बघत होते. कमरेला लागलं की जायचं, असं मी काहीतरी ठरवलं. मग कमरेला लागेना, आणि घड्याळात साडेतीन झाले. मग पावणेचार. एवढ्या वेळात मला कोर्टाशी जाऊन, सही करून, रिक्षानं शाळा गाठता आली असती. मी हे तेव्हाही मोजत होते. मोजणं मला थांबवता येत नाही. चार वाजून गेले तेव्हा मी छत्री मिटली. पाऊस केव्हाच थांबला होता.

*

घरी जाऊन मी म्हटलं, "खोटं प्रतिज्ञापत्र मी करणार नाही."

तन्वीच्या बाबांनी हातातली बॅग खाली ठेवली. ते सहसा टोमणा मारत नाहीत. "पहिलीच्या अ‍ॅडमिशनला तुझ्या भावाच्या घराचा पत्ता दिला होतास," ते म्हणाले, "तेव्हा कुठे गेलं होतं हे?"

"तो स्टँप पेपरवर नव्हता."

माझं उत्तर तयार होतं. इतकं तयार होतं, त्यावरूनच खरं तर कुणालाही कळायला हवं होतं. ते म्हणाले, मी करतो सही, मी जातो. मी घड्याळ दाखवलं. शाळेचं कार्यालय बंद झालं होतं.

तन्वी प्रवासाचे कपडे इस्त्री करत होती. तिनं बटण बंद केलं, वायर गुंडाळली. "राहू दे, बाबा," म्हणाली. मग मला विचारलं, "इथलं शनिवारपर्यंत आहे ना?"

शनिवारी आम्ही दोघी इथल्या कॉलेजात गेलो. कोपरा उचकटलेला, शिक्का दुभंगलेला दाखला मी भीत भीत पुढे केला. तिथल्या क्लार्कनं वर पाहिलंसुद्धा नाही. "आमच्याकडे निम्मे असेच येतात," म्हणाला आणि फाइलला लावून टाकला. आता कोर्स संपेपर्यंत तो तिथे आहे.

नातेवाइकांत माझं नाव झालं. पोरीच्या करिअरसाठीसुद्धा खोटी सही केली नाही, अशी बाई. माझ्या नणंदेनं तर एका लग्नात चार जणींना ही गोष्ट माझ्यादेखत सांगितली. मी जिलबी खात होते. खातच राहिले.

*

तत्त्व वगैरे काही नव्हतं. अडवणारं कारण फी नव्हती, कर्जही नव्हतं. कर्ज फेडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. ही सगळी कारणं मी दोन वर्षांत एकेक करून गेजवर चढवून पाहिली आहेत, आणि प्रत्येक थोडं आत जाऊन अडकतं. जे आत जातं ते एवढंच आहे की ती परत आली नसती. म्हणजे सुट्टीत आली असती, आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली असती, आणि खिडकी चुकीच्या भिंतीला आहे हे तिच्या डोळ्यांत मला दिसलं असतं. त्या पायऱ्यांवरच्या मुलांसारखा तिचा चेहरा झाला असता, कुणाकडेच न बघणारा. मला ते नको होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी मारुतीच्या कमरेला पाणी लागायची वाट बघत उभी राहिले.

गंमत अशी की खिडकी चुकीच्या भिंतीला आहे, हे ती इथे शिकूनही म्हणालीच. दुसऱ्या वर्षात. मी सरळ म्हटलं, मग काय करू, फोडू का भिंत. ती म्हणाली, नको, पण ओटा हलवता येईल. ओटा हलवला. आता सकाळी माझ्या पोळीवर ऊन पडतं.

ती इथे दुःखी आहे असं म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षी देवळाली कॅम्पातले जुने बंगले मोजायला जायची, बाबांच्या डब्याबरोबर तिचा डबा. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गानं हरसूलचा आठवडे बाजार कागदावर काढला. तिथे इमारत म्हणावी असं काहीच नाही, नुसत्या ताडपत्र्या, बांबू, दोऱ्या. तिनं दोऱ्यांच्या गाठी काढल्या. एका मोठ्या कागदावर फक्त गाठी, कुठली कशाला बांधलेली. मंदाला मी तो कागद दाखवला, तर ती बोट ठेवून म्हणाली, "ही आमच्या चुलत्याची, त्यो अशीच उलटी बांधतो, नंतर सुटत नाय." त्या कागदाला बक्षीस मिळालं. तन्वीच्या बाबांनी तो लॅमिनेट करू या म्हटलं, तेव्हा मी उठून ताटं गोळा करायला लागले. मग तन्वीच हसली.

अहमदाबादचा फोटो तिनं काढला नाही. त्यावर दुसरे कागद लागत गेले. आता तो खाली कुठेतरी आहे. केर काढताना मी त्या जागेकडे अजून बघते. ती बरी आहे, पण बरी म्हणजे किती, हे मोजायचं माप माझ्याकडे नाही. तिकडे ती काय झाली असती, तो पार्ट कधी मशीनवर चढलाच नाही. न बनलेल्या पार्टची तपासणी कशी करायची, हे मला वीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

*

मंदाचा प्रश्न घेऊन परवा घरी आले, तेव्हा तन्वी खोलीत मॉडेलसाठी पुठ्ठा कापत होती. संध्याकाळचं ऊन पडलं होतं, दिवसभराच्या झडीनंतर निघतं तसलं, पिवळं आणि थोडा वेळ टिकणारं. मी दारात उभी राहिले. भाजी चिरायची होती, कपडे काढायचे होते. यातलं काही न करता मी तिथेच उभी होते, हे माझ्या स्वभावात नाही, म्हणून तिनं मान वर केली.

मी सांगितलं. आडवळणं मला येत नाहीत. म्हटलं, त्या गुरुवारी प्रतिज्ञापत्र तयार होतं, टाइप झालेलं. वेळही होता. मी सही केली नाही, आणि ती खोटेपणाला भिऊन नाही.

तिनं पट्टी सरळ केली, कटर ओढला. पुठ्ठा कापताना कोरड्या पानासारखा आवाज येतो.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुझा डबा घासायला काढला ना त्या दिवशी, पिशवीत होता कागद."

 तो कागद अजूनही कपाटात, फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली आहे. त्याच दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं माझा डबा घासला होता, पुसला होता आणि दुसऱ्या दिवशीसाठी उघडा करून पालथा ठेवला होता. मला तो तसाच आठवतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिनं कापलेला तुकडा बाजूला ठेवला, दुसरा घेतला. "बाबांना नको सांगू. त्यांना ती खोट्या सहीची गोष्ट आवडते." आणि थोड्या वेळानं, आवाज न बदलता, "आई, सरक ना जरा. उजेड अडतोय."

मी सरकले. ओट्याशी गेले आणि भाजी चिरली. ती रागावली आहे का, हे मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. अजून कळलेलं नाही. दोन वर्षं माझ्याकडे एक गोष्ट होती असं मी समजत होते, आणि ती दोघींकडे होती. तिच्याकडची जास्त नीट ठेवलेली होती.

*

काल जेवणाच्या सुट्टीत मंदा डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. दाखला पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला वरून रबर. मी म्हटलं, प्लास्टिक मारू नको, पुढे शिक्का मारायला कागद मोकळा लागतो. ती म्हणाली, आन भिजला म्हंजे? मी म्हटलं, भिजला तर वाळतो.

तिला ते पटलं. तिनं रबर काढलं, कागद एकदा पाहिला आणि पुन्हा पिशवीत घातला, छातीशी. पुणं की नाशिक, हे अजून ठरलेलं नाही, आणि मी काय म्हणते ते ऐकायला ती थांबली होती. मी त्याबद्दल काही म्हटलं नाही. फक्त एवढं म्हटलं, "हा तुझ्याजवळ ठेवू नको. पोरीच्या हातात दे."

"तिच्या?" मंदा म्हणाली. "ताई, तिला वेणीचं रबर सांभाळता येत नाय. हरवंल ती."

"हरवू दे," मी म्हटलं. "हरवला तर दुसरा मिळतो."